तुझ्या मापाची फ्रेम

नाशिकरोड
रविवार, १३ जुलै २०२५

प्रिय रोहिणी,
जय भीम.

तुझी आई सांगत होती, तू म्हणालीस की पप्पांना काय बोलायचं असेल ते लिहून पाठवू दे, बोलताना ते ऐकतच नाहीत. म्हणून लिहायला बसलोय. माझा नंबर तू अडीच वर्षांपूर्वी बंद करून ठेवलास, ते मला ठाऊक आहे. दर रविवारी आई तुझ्याशी फोनवर बोलते तेव्हा मी शिलाई मशीनवर बसलेला असतो, पण पाय मारत नाही. मशीन थांबलं की तुझा आवाज थोडा ऐकू येतो. हे आज कबूल करून टाकतो.

घरचं ठीक आहे. आईचा गुडघा होता तसाच. नागपूरला तुझ्या ग्रंथालयात आता नवी कपाटं आली, असं कानावर आलं. लिहायचं आहे ते मात्र वेगळंच. दुकानात एक गंमत झाली.

लतिका मॅडम म्हणून एक बाई आहेत. बँकेत अधिकारी, उपनगरला राहतात. हौस म्हणून सायकल चालवतात, सकाळी पन्नास-साठ किलोमीटर सहज. त्या सायकलची घट्ट पॅन्ट घेऊन आल्या, आत गादीचं अस्तर असलेली. म्हणाल्या, "काका, अस्तर दुप्पट करून द्या. मान आखडते, हाताला मुंग्या येतात, बसवत नाही."

आता मान आखडते आणि अस्तर पॅन्टला, हे मला काही पटेना. मी टेप घेतला. उंची पाच फूट सात. पायाची आतली लांबी साडेतेहतीस! त्या उंचीच्या बाईचा पाय एकतीसच्या आसपास भरतो. म्हणजे अडीच इंच पायात गेले, ते धडातून कमी झाले. ब्लाउज शिवला असता तर मला पहिल्याच मापात कळलं असतं.

"मॅडम, तुम्हाला सायकल कशी निवडून दिली?"

"उंची विचारली. तक्ता बघितला. फ्रेम दिली."

"म्हणजे रेडिमेड," मी म्हणालो. "पॅन्ट बरोबर बसली, शर्ट मोठा झालाय."

त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, वेळ असेल तर माझ्याबरोबर सायकलच्या दुकानात चला."

गेलो. गंगापूर रोडला त्यांचा मेकॅनिक आहे, राकेश. त्याने सायकल स्टँडवर चढवली, मॅडमना बसवलं. मी खडू आणि दोरा नेलाच होता. राकेशला वाटलं म्हातारा डोकं खाणार, पण ऐकून घेतलं. सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर त्यांच्या पाठीला दोन इंच जास्त होतं, म्हणून त्या सगळा भार हातांवर टाकून पुढे लोंबकळत होत्या. मी म्हणालो, एक नंबर लहान फ्रेम द्या. राकेश म्हणाला, "काका, अंतर कमी होईल, पण लहान फ्रेमचं हँडल खाली जातं. पाय लांब म्हणून सीट वर काढावी लागेल. म्हणजे मॅडम पुन्हा वाकल्या." बरोबर होतं त्याचं. कॉलर दुरुस्त करायला जावं आणि खांदा बिघडावा, तसं. शेवटी ठरलं की फ्रेम लहान, पण पुढची नळी उंच असलेली. तशा बनतात म्हणे, मागवाव्या लागतात.

निघताना कोपऱ्यात लहान मुलांची एक सायकल टांगलेली दिसली. सोळा इंची चाकांची. मी तिच्यासमोर उभाच राहिलो. राकेशने विचारलं, "नातवासाठी का?"

मी हो म्हणालो.

तुझा,
पप्पा


नाशिकरोड
रविवार, १० ऑगस्ट २०२५

प्रिय रोहिणी,
जय भीम.

तुझं उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. आई म्हणाली, "वाचलं असंल तिनं. लिवा की तुमी."

लतिका मॅडमची फ्रेम आली. पहिल्याच रविवारी त्या घोटीपर्यंत जाऊन आल्या आणि येताना आपल्यासाठी तिथला तांदूळ घेऊन आल्या. मी विचारलं, "मान?" म्हणाल्या, "मान आहे हेच विसरले होते काका." आता त्यांच्या ग्रुपमधले लोक दुकानात येतात. कपडे शिवायला नाही, माप घ्यायला! एका गृहस्थांचे हात इतके लांब की त्यांना मी जन्मभर पूर्ण बाहीचा शर्ट पुरवू शकलो नसतो. एका ताईंचा डावा पाय पाऊण इंच आखूड. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, त्या कंबरदुखीच्या गोळ्या खात होत्या. राकेशने डाव्या पेडलवर एक जाड पट्टी बसवून दिली. मला राहून राहून नवल वाटतं. चाळीस वर्षं मी माणूस उभा करून मोजला. माणूस काहीतरी करत असताना त्याचं माप काय असतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

आता तुझ्याबद्दल लिहितो.

तुझं धड तुझ्या वयाच्या कुठल्याही बाईसारखं पूर्ण वाढलेलं. हात-पाय तेवढे जन्मापासून आखूड. तू पाच वर्षांची असताना डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर तुझ्यासाठी उभ्या रेघांचं कापड शोधलं. त्यानंतर वीस-बावीस वर्षं मी तुला जे शिवलं ते सगळं बघणाऱ्याचे डोळे फसवायला शिवलं. कंबर वर, घेर लांब, बाही पाऊण. लोक म्हणायचे, काय हात आहे कारभारी टेलरचा. मला बरं वाटायचं.

तू बारा वर्षांची असताना सायकल मागितलीस. मी म्हणालो, "तुझ्या मापाची सायकल बनत नाही." खरंच बनते की नाही, हे मी एका माणसालाही विचारलेलं नव्हतं.

येवल्याचे पाहुणे तुला बघायला आले तो रविवार मी सोडून देतो. बायोडेटात तुझी उंची चुकून वेगळी पडली होती आणि पुढे जे झालं ते तुला माहीत आहे. ते उकरून काय करायचं.

मी काय करतोय ते सांगतो. कटिंगचा जाड पुठ्ठा घेऊन मी पुठ्ठ्याची रोहिणी केली आहे. आईने पेटीत ठेवलेल्या तुझ्या जुन्या सलवार-कमीजवरून मापं काढली. गुडघा, खुबा, खांदा, कोपर या जागी टिचबटणं लावली, म्हणजे सांधे वळतात. तिला घेऊन मी राकेशच्या दुकानात जातो आणि एकेका सायकलवर धरून बघतो. सोळा इंची सायकलवर पाय पोचतात, पण धड पूर्ण असल्यामुळे हँडल पोटात येतं. वीस इंचीवर पाठ व्यवस्थित बसते, तर पेडल पायाखालून निघून जातं आणि सीट इतकी वर की थांबल्यावर पाय टेकायचा कुठे? दोन्हींच्या मधलं काही कोणी बनवत नाही.

पण बनवता येतं! सिन्नरला आपला धनराज आहे, तुझ्या मावशीचा पुतण्या. एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शेड आहे त्याचं. मागच्या गुरुवारी शेअर जीपने त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, मी गेट बनवतो, ग्रील बनवतो. सायकल नाही बनवली कधी. पण नळीला नळी जोडायची, त्यात काय." त्याने नळ्या आणून ठेवल्यात. दिवाळीपर्यंत सायकल तुझ्या दारात उभी असेल.

तुझा,
पप्पा


नागपूर
९ सप्टेंबर २०२५

पप्पा,
जय भीम.

पुठ्ठ्याच्या रोहिणीला विचारून बघा, तिला सायकल हवी आहे का. मला तर कोणी विचारलेलं नाही.

माझे जुने कपडे पेटीतून काढून, त्यांच्यावरून माझा देह कापून, त्याला बटणं लावून तुम्ही दुकानादुकानात फिरवताय. हे लिहिताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?

बायोडेटात उंची चुकून पडली नव्हती. तुम्ही उकरायचं नाही म्हणालात, म्हणून मी उकरते. माझी उंची चार फूट दीड इंच. तुम्ही लिहिलंत चार फूट आठ, आणि फोटो पाठवलात खुर्चीत बसलेला. मला म्हणालात, "त्यांना सगळं सांगितलंय, लोक चांगले आहेत." मी बाहेर आले तेव्हा त्या मुलाच्या आईने माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे, आणि विचारलं, "चार फूट आठ ना?" मी तुमच्या गळ्यातला टेप काढून तुमच्या हातात दिला. म्हणाले, मोजा. तुम्ही टेप गुंडाळून खिशात ठेवलात आणि त्यांना सांगितलंत, टायपिंगवाल्याची चूक झाली.

मुलगा गेला त्याचं मला काही नव्हतं. मी त्या माणसाशी चार वाक्यंही बोलले नव्हते. पण माझ्या उंचीची मला कधी लाज वाटली नव्हती. तुम्हाला वाटते, हे त्या दिवशी समजलं. महिन्याभरात मी नागपूरची नोकरी घेतली, ती त्यामुळे.

इथे पत्र संपवणार होते. दोन दिवस तसंच टेबलावर ठेवलं. पण तुम्ही चुकीचं काहीतरी जोडून बसाल, म्हणून लिहिते.

मी सायकल चालवली आहे. बारा वर्षांची असताना, तुम्ही नाही म्हणालात त्यानंतर, शेजारच्या आयुषची सोळा इंची. विहारामागच्या मोकळ्या जागेत, पंधरा दिवस, तुम्ही दुकानात असताना. आईला माहीत होतं. हँडल पोटात लागत नाही, पप्पा. सरळ जाताना काहीच लागत नाही. वळताना मांडीला लागतं. ते तुमच्या पुठ्ठ्याला कधी कळणार नाही, कारण तो वळत नाही.

आणि एक प्रश्न. सीट उंच होते ती माझ्या पायांमुळे नाही. पेडलं मुळातच जमिनीपासून वर असतात म्हणून. ती इतकी वर हवीत, हे कोणी ठरवलं?

रोहिणी


नाशिकरोड
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय रोहिणी,
जय भीम.

तुझं पत्र आलं त्याला आठ दिवस झाले. चार वेळा उत्तर लिहिलं आणि चारही वेळा ते मी किती चांगला आहे यावरच आलं. हे पाचवं.

चार फूट आठ मी लिहिलं. माझ्या हाताने कागदावर लिहून दिलं. टायपिंगवाल्याने तर दोनदा विचारलं, "काका, नक्की ना?" तो तुला ओळखत होता. मी त्याच्यावर ढकललं. नंतर कितीतरी दिवस मी त्याच्या दुकानावरून गेलो नाही, पलीकडच्या गल्लीने जायचो. मला वाटायचं, पाहुणे एकदा घरी आले, तुझं बोलणं ऐकलं, तर उंचीचं विसरतील. म्हणजे तुझं बोलणं चांगलं आहे हे मला माहीत होतं, तरी ते पुरेल असं वाटत नव्हतं. याला लाजच म्हणतात. तू बरोबर लिहिलंस. तू टेप हातात दिलास तेव्हा मोजायला पाहिजे होतं. चुकलो मी, रोहिणी.

पुठ्ठ्याची रोहिणी फाडली. नाही, खरं लिहितो: आधी घडी घालून कपाटामागे ठेवली होती. आईने बघितली. म्हणाली, "आता हिला बी नांदवायची हाय का?" मग फाडली.

सायकल तू चालवली होतीस हे वाचून मी आईला विचारलं. ती म्हणाली, "पडली बी व्हती दोनदा. हळद लावली मी. तुमाला सांगून काय, तुमी सायकलच फेकली असती त्या पोराची."

आता विचारतो. तुला सायकल हवी आहे का? नको असेल तर धनराजकडच्या नळ्या खिडकीच्या गजांना जातील, त्याला सांगून ठेवलंय. त्याने हातोडा खाली ठेवलाय. तू हो म्हणाल्याशिवाय उचलणार नाही.

पण तुझा प्रश्न! तो मला झोपू देईना. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता राकेशकडे गेलो. त्याला विचारलं, पेडलं ज्या आसावर फिरतात तो आस जमिनीपासून इतका वर का? तो म्हणाला, "काका, असतोच तेवढा." मी म्हणालो, असतोच म्हणजे काय, मोजू या. मोठ्या माणसाच्या सायकलला तो आस अकरा इंचांवर. पेडलचा दांडा, त्याला ते क्रँक म्हणतात, तो पावणेसात इंच. म्हणजे पेडल अगदी खाली गेलं तरी जमिनीपासून सव्वाचार इंच राहतात, वळताना घासू नये म्हणून. बस, एवढंच कारण! आता तुझ्या पायाला पावणेसात इंची क्रँक लागतोच कशाला? सोळा इंची सायकलचा चार इंची पुरे. मग तेच सव्वाचार सोडले, तर आस सव्वाआठ इंचांवर आला. पावणेतीन इंच खाली. आखूड क्रँक जुन्याच आसावर लावला असता तर पेडल सात इंचांवर राहिलं असतं; त्यापेक्षा सीटही तितकीच खाली येते, काही न गमावता. राकेशने माझ्या हातातला टेप घेऊन स्वतः पुन्हा मोजलं. मग म्हणाला, "हे कोणी काढलं?" मी म्हणालो, माझ्या मुलीने.

आणि मांडीला हँडल लागतं ते चाक वीस इंची घेऊन फ्रेम पुढे लांब केली तर टळेल का? मला कळत नाही. तुलाच कळेल.

तुझा,
पप्पा


नागपूर
५ ऑक्टोबर २०२५

पप्पा,
जय भीम.

या आठवड्यात दीक्षाभूमीवर गर्दी होती, ग्रंथालयातून पुस्तकांचा स्टॉल होता, म्हणून उशीर.

हवी आहे. म्हणजे, चालवून बघायला हवी आहे. नंतर नको म्हणाले तर वाईट वाटून घ्यायचं नाही आणि आईकडे बोलून दाखवायचं नाही.

मापं माझी मी घेतली आहेत, संजनाने टेप धरला. ती माझ्याबरोबर काम करते. पायाची आतली लांबी साडेअठरा. बाकीची मागच्या पानावर आहेत. जुन्या सलवारीवरून तुम्ही जी काढली असतील ती विसरा, सलवार तुम्ही मुद्दाम लांब शिवायचात.

मला पुढे वाकून चालणार नाही. इथल्या डॉक्टरांनी सांगितलंय, माझ्या कण्यातली जागा मुळात अरुंद आहे, पाठ ताठ ठेवायची. म्हणून हँडल उंच आणि माझ्या बाजूला वळलेलं हवं. म्हणजे मांडीला लागणार नाही इतकं उंच. आयुषच्या सायकलवर थांबताना मी सीटवरून पुढे उतरायचे, त्यामुळे मधली नळी जमिनीपासून फूटभराच्या वर नको. गुलाबी रंग नको. नाव लिहायचं नाही. चालवताना फोटो काढायचा नाही.

धनराजदादाला सांगा, हातोडा उचलला तरी चालेल.

सांधा हातोड्याने करतात का पण?

रोहिणी


नाशिकरोड
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय रोहिणी,
जय भीम.

मागच्या आठवड्यात तू शनिवारी आलीस, रविवारी गेलीस. घरी दोन दिवसांत आपण दोघं मिळून पन्नास वाक्यं बोललो असू, त्यातली चाळीस सायकलची. बाकीचं लिहितो.

शनिवारी सिन्नरला जाताना मोहदरी घाटात तू खिडकीबाहेर बघत होतीस आणि मी मनात एकच घोकत होतो, ती नको म्हणाली तर तोंड वाकडं करायचं नाही. धनराजच्या शेडमध्ये सायकल उभी होती. राखाडी रंगाची, मधून खाली वाकलेली. खरं सांगतो, मला ती बेढब वाटली. तू तिच्याभोवती दोनदा फिरलीस, सीटवर हात ठेवलास, आणि एका झटक्यात बसलीस. बसल्यावर ती बेढब दिसेना. सायकल कधी एकटी उभी करून बघायची नाही, हे मला तेव्हा कळलं.

तू निघालीस आणि शेडच्या टोकाला जाऊन पत्र्यावर आदळलीस.

धनराज धावला. तू उठलीस, कोपर झटकलंस आणि म्हणालीस, "ब्रेक. बोटं पोचत नाहीत." मी कपाळाला हात लावला. पाय विचारले, पाठ विचारली, हात खांद्यापासून मनगटापर्यंत विचारला. बोटं विचारली नाहीत. मी काही बोलायच्या आत तूच म्हणालीस, "मीही सांगितलं नाही. मला वाटलं ब्रेक तसेच असतात." त्यावर आपण तिघं हसलो. तुझ्याबरोबर मी हसलो, त्याला किती दिवस झाले होते ते मोजत बसत नाही.

राकेशला फोन लावला. त्याने सांगितलं, लहान मुलांच्या सायकलचे ब्रेकचे दांडे जवळ असतात, तेच लावा, आणि आतला स्क्रू फिरवून अजून जवळ घ्या. सिन्नरच्या बाजारातून आणून धनराजने बसवले. तू उभ्या उभ्या ब्रेक पंचवीस वेळा आवळून बघितलास. मग अंगणात चालवलीस. वळवलीस. काही लागलं नाही.

आता तुला माहीत नाही ते.

रविवारी सकाळी तू कॉलनीत दोन फेऱ्या मारल्यास. तिसऱ्या फेरीला कोपऱ्यावर वळलीस आणि आलीच नाहीस. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी चपला घातल्या. लतिका मॅडमना फोन करून स्कूटर घेऊन या म्हणणार होतो. समोरच्या आक्काबाई म्हणाल्या, "पोरगी बिटकोकडं गेली, मोठ्या रस्त्याला." माझ्या डोळ्यांपुढे ट्रक, एसटी, रिक्षा, सगळं आलं. आईने दाराच्या पायरीवर बसून माझ्याकडे बघितलं.

"कुठं चालला?"

"बघून येतो."

"बसा. ती सायकलवर गेली हाय, हरवली नाय."

"अगं पण तो रस्ता..."

"तुमाला तिनं बोलवलं का?"

मी बसलो. एक तास दहा मिनिटं. चहा झाला, तो निवला. मधे एकदा उठलो तर आईने नुसता हात दाखवला. त्या तासात मला एवढंच आठवत होतं, कोपऱ्यावर वळताना दिसलेली तुझी पाठ. ताठ, तरी ढिली सोडलेली. त्या पाठीवर मी इतकी वर्षं कपडे शिवले, पण माझ्यापासून दूर जाताना ती कशी दिसते हे बघितलं नव्हतं. तुझ्या अंगावर त्या दिवशी तयार कपड्यांच्या दुकानातला टी-शर्ट होता. खांद्याला थोडा ओघळलेला. चांगला दिसत होता.

तू आलीस. घाम, विस्कटलेले केस. आत जाऊन पाणी प्यालीस, अंघोळीला गेलीस. कुठे गेली होतीस हे मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. संध्याकाळी तुझी गाडी होती.

सायकल पार्सलने पाठवली आहे, तीन दिवसांत पोचेल. हँडल वाकडं करून बांधलंय, सरळ करून घे. सीटच्या नळीवर मी खडूने रेघ मारली आहे, तुझी उंची तिथे येते. खडू पुसला जाईल, तू दुसरी खूण करून ठेव.

कुठवर गेली होतीस? सांगायचं नसेल तर राहू दे. रागावून विचारत नाही. नुसतं जाणून घ्यावंसं वाटतं.

तुझा,
पप्पा


नागपूर
९ डिसेंबर २०२५

पप्पा,
जय भीम.

सायकल आली. मागच्या चाकाची एक तार वाकली होती, इथल्या मेकॅनिकने सरळ करून दिली. त्याने विचारलं, ही कुठल्या कंपनीची? मी म्हणाले, सिन्नरची.

कुठवर गेले ते सांगते. ठरवून गेले नव्हते. कोपऱ्यावर रस्ता मोकळा दिसला, म्हणून वळले. मग बिटको चौकात सिग्नल लागला. सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले, दोन्ही पाय जमिनीवर. सिग्नलला असं उभं राहायचं मला किती दिवसांपासून होतं, हे मलाच माहीत नव्हतं. हिरवा लागला तेव्हा मागे फिरायला पाहिजे होतं, पण मागच्यांनी हॉर्न दिले आणि मी सरळ निघाले. लॅम रोडने, विहितगाव मागे टाकून, देवळाली कॅम्पपर्यंत.

लोकांनी बघितलं. दोन मुलांनी मोटरसायकल हळू करून काहीतरी म्हटलं, मला ऐकू आलं नाही. एका बसमधून एक बाई मान वळवून वळवून बघत होती. लोक मला नेहमीच बघतात, तुम्हाला माहीत आहे. पण चालताना बघणारा माणूस बराच वेळ बरोबर राहतो. सायकलवर असलं की तो मागे पडतो.

कॅम्पात झाडांखाली थांबले. एका टपरीवर चहा घेतला, कोपऱ्यातली खुर्ची मिळाली. चहावाल्याने सायकलकडे बघून विचारलं, "ताई, ही कुठं मिळते?" "कुठून आलात" नाही, "तुम्ही कशा काय" नाही. नुसतं ही कुठं मिळते. येताना वारा समोरून होता, म्हणून वेळ लागला. तुम्ही पायरीवर बसलेले दिसलात. चपला घातलेल्या होत्या, ते मी बघितलं. बघूनही तुम्ही काही विचारलं नाहीत, म्हणून मीही सांगितलं नाही. मला तो एक तास थोडे दिवस माझ्याकडेच ठेवायचा होता.

क्रँक अजून पाव इंच आखूड चालेल. चढावर डावा गुडघा फार वर येतो. धनराजदादाला सांगा, घाई नाही. ग्रंथालयाला जायला मला आता बारा मिनिटं लागतात. उतरून सायकल आत घेताना उंबरा आड येतो, त्यावर शिपाई फकिराकाकांनी एक फळी टाकून दिली आहे.

येवल्याच्या लोकांचं मी विसरलेले नाही, आणि तुम्ही चूक मान्य केली म्हणून ते पुसलं गेलं असंही नाही. पण तुमचा नंबर मी परवा सुरू केला. रविवारी आईशी बोलून झालं की तिच्या हातातून फोन घ्यायचा नाही, तुमच्या फोनवरून तुम्ही करा.

काल सायकल पुसताना एक गोष्ट लक्षात आली. पाच महिने तुम्ही मला सायकलबद्दल लिहिताय. फ्रेम, क्रँक, सीट, ब्रेक, लतिका मॅडमची मान, सगळं. पण तुम्ही कधी सायकलवर बसल्याचं एकाही पत्रात नाही. लहानपणीचंही आठवत नाही. दुकानात तुम्ही चालत जायचात, बाजारात चालत, माझ्या शाळेत चालत.

पप्पा, तुम्हाला सायकल येते का?

रोहिणी